हवेचा काटा कोण तपासणार?

हिंगोली किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते काट्यावर चढले की शेतकरी आधी काट्याकडे बघतो आणि मग आडत्याकडे. काटा मारला जातो हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तर काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का हवा आणि ठराविक मुदतीने तो पुन्हा तपासला गेला पाहिजे, असा कायदा या देशात आहे. काटा खोटा निघाला तर व्यापाऱ्याला दंड होतो. आता याच जिल्ह्यातली हवा मोजण्याचे छोटे यंत्रही बाजारात मिळू लागले आहे. त्या यंत्रावर कोणाचा शिक्का आहे?

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत हवेतली धूळ आणि धूर मोजणारी स्वस्त, हातात मावणारी यंत्रे आली. सरकारी पद्धतीचे स्वयंचलित हवा तपासणी केंद्र उभे करायचे तर खर्च कोटीच्या घरात जातो. हे छोटे यंत्र काही हजारांत मिळते, जरा बरे घेतले तरी लाखाच्या आत बसते. शाळा घेतात, संस्था घेतात, हौशी तरुण घेतात. कोणी म्हणतो, आता गरिबाच्या हातात हत्यार आले. कोणी म्हणतो, हे खेळणे आहे, याच्या आकड्याला काय किंमत! आमचे म्हणणे वेगळे आहे. हत्यार की खेळणे हे खोक्यावरच्या जाहिरातीवरून ठरत नाही, तपासणीवरून ठरते. ती तपासणी कोणत्या गावात, कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या कामाच्या जागी झाली, हेही पाहावे लागते. हिंगोली जिल्ह्यात अशी तपासणी झाल्याशिवाय इथल्या आकड्यांवर ना विसंबता येईल, ना ते उडवून लावता येतील.

मुळात आपल्या देशात प्रदूषण कुठे आहे हे कसे ठरते ते बघा. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्यात देशातली सुमारे १३० शहरे आहेत आणि महाराष्ट्रातली १९. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), जालना आणि लातूर ही तीन नावे आहेत. हिंगोली नाही. ही यादी कशी झाली? ज्या शहरांत आधीपासून हवा मोजली जात होती आणि जिथे ओळीने काही वर्षे प्रमाणापेक्षा जास्त धूलिकण सापडले, ती शहरे यादीत गेली. म्हणजे जिथे मोजणी नाही तिथे प्रदूषण नाही, आणि जिथे प्रदूषण नाही तिथे निधी नाही! १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि सहापैकी पाच माणसे खेड्यात राहणारी. ‘शहर’ हा शब्द धरूनच जी योजना आखली गेली, तिच्यात या माणसांचा श्वास बसणार कसा?

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर तर हिंगोलीच्या हवेचा आकडा दिसतो. दिसतो खरा. पण असे बरेचसे आकडे उपग्रहाने टिपलेल्या माहितीवरून आणि संगणकावरच्या गणितातून काढलेले असतात. त्यासाठी यंत्र घेऊन कोणी कळमनुरीच्या वीटभट्टीवर गेलेले नसते. गणिताचा एक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो, आणि त्या चौकोनात साहेबाचा बंगला व भट्टीवरच्या मजुराची झोपडी यांना एकच आकडा मिळतो. कागदावर अशी समता आणणे फार सोपे असते.

प्रत्यक्षात कोण काय श्वासात घेतो? फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत जिल्ह्यात हळदीचा हंगाम असतो. जमिनीतून काढलेली हळद शेतावरच्या कुकरमध्ये वाफेवर शिजवतात. खाली लाकूडफाटा, पाचोळा, जे मिळेल ते जळते. शिजलेली हळद उन्हात वाळते आणि मग फिरत्या ड्रममध्ये घालून तिला पॉलिश करतात. त्या ड्रमभोवती पिवळ्या धुळीचा लोट उठतो. ड्रमशेजारी उभा असतो तो मजूर, आणि हळकुंडे निवडायला बसतात त्या बाया. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे, नाक, कान भुसकटाने भरतात. जिनिंगमध्ये कापसाची तूस, खडी केंद्रावर दगडाची भुकटी, वीटभट्टीवर कोळसा-भुशाचा धूर, आणि घरात चूल. या कामांवर कोणत्या वस्तीतली माणसे असतात, हे या पानाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. या यंत्रात काडीपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी असते. एक इवलासा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. आत लेझरचा बारीक किरण असतो. हवेतला कण त्या किरणासमोरून गेला की प्रकाश विखुरतो, आणि तो विखुरलेला प्रकाश समोरचा एक तुकडा टिपतो. अंधाऱ्या घरात कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात धूळ नाचताना दिसते, तसेच हे. पण लक्षात घ्या, यंत्राने धूळ तोललेली नाही, तिची चमक पाहिली आहे. चमकेवरून वजनाचा अंदाज बांधायचा तर कण केवढा, कशाचा, किती जड, हे गृहीत धरावे लागते. ते गृहीत यंत्र बनवणाऱ्याने कारखान्यात बसून धरलेले असते. तिथला धूर वेगळा आणि आपली हळद वेगळी.

यातून चुका निघतात, त्या दोन्ही दिशांना. पहिली चूक दमटपणाची. हवेत ओल वाढली की सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात. फुगलेला कण जास्त चमकतो आणि यंत्र जास्त आकडा दाखवते. धुके पडले तर पाण्याचे थेंबच धूळ म्हणून मोजले जातात. मोठ्या यंत्रांत हवा आत घेताना ती तापवून कोरडी करण्याची सोय असते. या डबीत ती बहुधा नसते. दुसरी चूक जाड्या धुळीची. ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, आणि ‘पीएम १०’ म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे. माणसाच्या केसाची जाडी ढोबळपणे पन्नास ते सत्तर मायक्रॉन धरा. हे लेझरवाले सेन्सर धुराच्या बारीक कणांवर बरे चालतात. पण जाडे कण त्या इवल्या पंख्याने नीट आत येतच नाहीत, आणि आले तरी नीट ओळखले जात नाहीत. यंत्राच्या पडद्यावर ‘पीएम १०’ असा आकडा झळकतो, पण तो पुष्कळदा बारीक कणांवरून लावलेला अंदाज असतो. म्हणजे पॉलिशच्या ड्रमपाशी, मळणी यंत्रापाशी, खडी केंद्रावर, जिथे जाड धूळ डोळ्यांनी दिसते, तिथेच हे यंत्र ‘हवा बरी आहे’ म्हणण्याचा धोका आहे. तिसरी गोष्ट म्हाताऱ्या होत जाणाऱ्या यंत्राची. लेझर मंदावतो, पंख्यावर धूळ बसते, डबीत कोळी जाळे करतो. पहिल्या महिन्यातला आकडा आणि अठराव्या महिन्यातला आकडा एकाच मापाचा राहत नाही.

आता या दोन्ही चुका एकाच माणसाच्या अंगावर कशा पडतात ते बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रस्ता झाडणारी सफाई कामगार बाई घ्या. थंडीत जमिनीलगतची हवा कोंडलेली, वर जायला तयार नाही. धूर आणि धूळ खालीच साठलेली. त्यात झाडूने उडणारी माती, आणि कोपऱ्यात पेटवलेला कचरा. समजा, तिच्या कमरेला हे यंत्र बांधले. धुक्याच्या ओलीमुळे ते धुराचा आकडा फुगवून सांगेल आणि झाडूची जाड धूळ निम्मीशिम्मी गाळून टाकेल. उद्या हा आकडा घेऊन ती नगरपालिकेत गेली आणि म्हणाली की मला मास्क द्या, कामाची वेळ बदला, माझी छाती तपासा, तर साहेब काय म्हणतील? ‘बाई, हे तर धुके आहे.’ यंत्राची एक चूक दाखवून तिचे सगळे म्हणणे खोटे पाडता येईल, आणि दुसऱ्या चुकीमुळे तिच्या छातीतली जी माती मोजलीच गेली नाही, तिचा विषयही निघणार नाही. गरिबाची साक्ष खोटी ठरवायला इथल्या व्यवस्थेला निमित्त लागते. न तपासलेले यंत्र ते निमित्त आयते हातात देते. म्हणून यंत्राच्या अचूकतेचा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. देशाची हवेची मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झाली. त्यानुसार पीएम २.५ चे प्रमाण एका घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पीएम १० साठी हेच आकडे ६० आणि १०० आहेत. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ५ वर आणली, ते आणखी वेगळे.) त्याच अधिसूचनेत धूलिकण कोणत्या पद्धतीने मोजायचे हेही लिहिले आहे. एक, गाळणकागदावर धूळ धरून ती तोलणे. दोन, कंप पावणाऱ्या नळीवर बसलेल्या धुळीचे वजन काढणे. तीन, बीटा किरण धुळीतून जाताना किती क्षीण होतात ते पाहणे. लेझरची चमक मोजण्याची पद्धत त्यात नाही. म्हणजे नुसते छोटे यंत्र दाखवून कोणी मानकांचा भंग सिद्ध करू लागला, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे पान उघडेल.

मग ही यंत्रे फेकून द्यायची का? अजिबात नाही. अंगावर वागवण्याच्या मोजणीयंत्रांनीच चुलीच्या धुराचा प्रश्न जगापुढे आणला. अमेरिकेचे शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर धूळ धरणारी छोटी यंत्रे लावली. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहरातली गाडी, अशीच समजूत होती. त्या बायांच्या श्वासातले आकडे पाहून ती समजूत मोडली. पुढे स्मिथ यांच्याच बर्कली विद्यापीठातल्या गटाने बाजारात मिळणाऱ्या आगसूचक यंत्रात बदल करून स्वयंपाकघरासाठी स्वस्त धूरमापक बनवला. आधी प्रयोगशाळेच्या पेटीत आणि नंतर प्रत्यक्ष घरांत, वजनी पद्धतीच्या यंत्राशेजारी ठेवून त्याची परीक्षा घेतली गेली. तो धूरमापक आपल्या महाराष्ट्रातही आला. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने पुण्याजवळच्या खेड्यांत सुधारित चुलींनी धूर किती घटतो हे त्याने मोजले. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र स्वस्त होते, पण आधी परीक्षेला बसवलेले होते. म्हणून त्याचे म्हणणे जगाने ऐकले.

अलीकडचे मोठे उदाहरण मुंबईचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी प्रा. सच्चिदानंद त्रिपाठी यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई महानगर परिसरात १५ ठिकाणी ४० स्वस्त सेन्सर बसवले. चार भारतीय कंपन्यांचे सेन्सर होते आणि ते मंडळाच्या मोठ्या यंत्रांच्या अगदी शेजारी ठेवले होते. दोघांनी एकच हवा ओढायची आणि मग आकडे ताडून पाहायचे. ही पद्धत बरोबरच आहे. पण हिंगोलीच्या माणसाने दोन गोष्टी विचारायला हव्यात. नोव्हेंबर ते मे म्हणजे पावसाळा सुटला. आणि मुंबईची हवा समुद्राची. तिथली खारट ओल, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ यांवर बसवलेले दुरुस्तीचे गणित औंढ्याच्या कोरड्या मार्च महिन्यात, हळदीच्या कुकरशेजारी जसेच्या तसे कसे चालेल?

चालत नाही, हे जगाचा अनुभव सांगतो. अमेरिकेत घरोघरी लागलेल्या ‘पर्पलएअर’ या यंत्रातला सेन्सर चिनी बनावटीचा, प्लँटॉवर कंपनीचा आहे. तशाच बनावटीचे सेन्सर आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांतही असतात. तिथल्या पर्यावरण संस्थेने देशभर ताडून पाहिले तेव्हा यंत्राचा कच्चा आकडा बराच फुगलेला निघाला. म्हणून त्यांनी २०२१ मध्ये दुरुस्तीचे सूत्र दिले. त्यात यंत्राचा आकडा जवळपास निम्मा करतात, मग दमटपणाच्या हिशेबाने काही वजा करतात आणि थोडी ठरलेली भर घालतात. हे सूत्र अमेरिकेच्या हवेचे आहे. याच कंपनीचा एक सेन्सर अमेरिकेतल्या डरॅम शहरात आणि आपल्या कानपुरात तपासला गेला. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डरॅमच्या स्वच्छ हवेत अडखळणारा सेन्सर कानपूरच्या दाट प्रदूषणात बरा चालला. यात हिंगोलीसाठी इशारा आहे. पावसाळ्यात आपली हवा धुतलेली असते. तेव्हाचा आकडा डळमळीत असणार, आणि तो दाखवून कोणी वर्षभराची ग्वाही दिली तर ती मानू नये.

खेड्यातही हे काम होऊ शकते, याचा दाखला बिहार आणि उत्तर प्रदेशने दिला आहे. कानपूरच्याच गटाने ‘अमृत’ या प्रकल्पातून दोन्ही राज्यांत तालुक्याच्या पातळीवर सुमारे १,४०० सेन्सर बसवले. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही. मराठवाड्याचे पाच-पंचवीस तालुके कोणाच्या नकाशावर येतात का, एवढाच प्रश्न उरतो.

आणि काय योगायोग पाहा! जगातले अत्यंत नाजूक मोजमाप करणारे यंत्र ज्या जिल्ह्यात येणार आहे, तो जिल्हा हिंगोलीच. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही सूक्ष्म फरक टिपायचा, आणि त्यावरून कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर झालेली कृष्णविवरांची टक्कर ओळखायची. आम्हाला या प्रकल्पाचा आनंद आहे. विज्ञान आपल्या मुलांच्या दारात येत असेल तर त्याचे स्वागतच करावे. पण त्या शास्त्रज्ञांची एक सवय आपण उचलण्यासारखी आहे. ते एकट्या यंत्राचा शब्द मानत नाहीत. अमेरिकेतली त्यांची दोन यंत्रे एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहेत. दोन्हींनी एकच लहर टिपली तेव्हाच सप्टेंबर २०१५ चा शोध त्यांनी मान्य केला. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१० मध्ये, त्यांच्याच मोजक्या लोकांनी बाकीच्यांना न सांगता यंत्रात एक खोटा संकेत सोडला होता. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने त्यावर काम केले, निबंधही लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडल्यावर कळले की ती परीक्षा होती. कोणी रागावले नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा, मोठ्या माणसाचा शब्द, यांपैकी काहीही तपासल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपल्याला पाठ आहे. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हाही आजच्या काळातला मोठ्या माणसाचा शब्दच आहे.

तर हिंगोलीत हे कसे करायचे? अवघड नाही. एकाच कंपनीची निदान तीन यंत्रे घ्यावीत आणि ती आधी एकमेकांशेजारी टांगावीत. एकाच हवेत तिघांचे आकडे तीन तऱ्हेचे आले तर पुढे जाण्यातच अर्थ नाही. मग त्यांना शून्याची परीक्षा द्यावी. बारीक गाळणीतून आलेली, धूळ नसलेली हवा दिली की आकडा शून्याजवळ आला पाहिजे. त्यानंतर त्यांच्या शेजारी वजनी पद्धतीचे यंत्र ठेवावे. हे यंत्र मिनिटाला साधारण पावणेसतरा लिटर, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर हवा गाळणकागदातून ओढते. हवेत मानकाइतकी, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर दिवसाअखेर त्या कागदावर दीड मिलिग्रॅमपेक्षाही कमी धूळ साठते. मिठाच्या काही कणांएवढे वजन ते. म्हणून कागद आधी आणि नंतर ठराविक तापमान व ओल असलेल्या खोलीत ठेवून सूक्ष्म तराजूवर तोलावा लागतो. जिल्ह्यातली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. विज्ञान शाखेची मुले प्रकल्पासाठी विषय शोधत फिरतात. हा विषय त्यांच्या दारात पडला आहे.

हे काम एका आठवड्यात उरकून चालणार नाही, आणि एखाद्या इमारतीच्या गच्चीवर करूनही चालणार नाही. गच्चीवरची हवा वेगळी, ड्रमशेजारची वेगळी. मळणीच्या वेळी, धुक्यात, हळदीच्या हंगामात आणि पावसाळ्यात, अशा चारही वेळी ताडून पाहावे. प्रत्येक ठिकाणी दमटपणाची नोंद यंत्राच्या नोंदीसोबत असावी. जाड धुळीच्या जागी छोट्या यंत्राचा ‘पीएम १०’ सरळ बाजूला ठेवावा आणि तिथे वजनी यंत्रच वापरावे. मोहीम संपली की छोटी यंत्रे पुन्हा शेजारी आणून बघावीत, कारण मधल्या काळात ती किती सरकली ते तेव्हाच कळते.

कंपन्या ‘९५ टक्के अचूक’ असे छापतात. या वाक्यावर विकत घेणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. कशाच्या तुलनेत? कुठल्या गावात? कोणत्या महिन्यात? आणि तासाच्या आकड्यात की दिवसाच्या सरासरीत? पुष्कळदा ही टक्केवारी म्हणजे दोन यंत्रांचे आकडे एकाच वेळी वर-खाली होतात एवढेच सांगणारी असते. घड्याळ रोज नेमके दहा मिनिटे पुढे असेल तर त्यावरून गाडी पकडता येते, दहा मिनिटे वजा केली की झाले. पण जे घड्याळ कधी दहा मिनिटे पुढे आणि कधी वीस मिनिटे मागे असते, त्याचा भरवसा धरता येत नाही. नेहमी दुप्पट दाखवणारे यंत्र सुधारता येते. आज फुगवणारे आणि उद्या गिळणारे यंत्र सुधारता येत नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये अशा सेन्सरसाठी जे निकष सुचवले, त्यांत हे दोन्ही वेगवेगळे तपासायला सांगितले आहे. आपल्याकडेही खरेदीच्या निविदेत हे लिहिले गेले पाहिजे.

आणखी एक अट निविदेत हवी. बरीच यंत्रे आपला कच्चा आकडा कंपनीच्या संगणकावर पाठवतात. तिथे काहीतरी दुरुस्ती होते आणि आपल्याला शिजवलेला आकडा परत मिळतो. दुरुस्ती कोणती, हे विचारले तर व्यापारी गुपित म्हणून सांगितले जाते. असे यंत्र फुकट दिले तरी घेऊ नये. कच्चा आकडा, दमटपणा आणि दुरुस्तीचे सूत्र हे तिन्ही ज्याच्या गावात मोजले त्याला मिळाले पाहिजेत. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा प्रतिपक्षाचे आकडे उलटे-पालटे करून तपासले. आकडा कसा तयार झाला हे कळल्याशिवाय त्यावर भांडता येत नाही, हे आपल्याला तिथे शिकता येते.

या कामात मजुरांना केवळ यंत्र टांगायची खुंटी समजू नये, हेही सांगून ठेवतो. यंत्र कोणाच्या कमरेला बांधायचे, ते काय नोंदवते, त्यातून तिची जागा आणि वेळ कोणाला कळते, हे आधी मराठीत सांगून तिची परवानगी घ्यावी. मुकादमाला विचारून ती घेऊ नये. आणि आकडे आल्यावर ते सर्वांत आधी तिला वाचून दाखवावेत. कोणत्या तासाला यंत्र धुक्याने फसले असेल आणि कोणत्या तासाला खरेच कचरा पेटलेला होता, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आकड्यांशेजारी तिने सांगितलेली वेळेची नोंद असली, तर शास्त्रज्ञालाही चूक शोधायला सोपे जाते.

सोयाबीनची मळणी ऑक्टोबरात आहे आणि हळदीचे कुकर फेब्रुवारीत पेटतात. यंत्रे मळणीच्या आधी शेजारी-शेजारी टांगली तर हंगाम सुरू होईपर्यंत कोरडे दिवस आणि धुक्याचे दिवस दोन्ही वहीत उतरलेले असतील. जानेवारीची पहाट तर कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये.